पाचवीच्या मुलांचं 'कल्पना करा व लिहा': तुमचे अनुभव सांगा

२०२३-२४ पासून राज्यात पाचवीची वार्षिक परीक्षा परत आली. विषयाला ५० गुण, आणि नापास झालं तर पुनर्परीक्षा. तेव्हापासून आमच्या गुहागरातल्या वाडीत मार्च लागला की 'निबंध पाठ झाला का?' सुरू होतं. माझी मुलगी बोलायला लागली की थांबत नाही. कागदावर मात्र 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात पाऊस पडतो.' संपलं! चित्रावरून गोष्ट, दिलेल्या शब्दांवरून गोष्ट, 'मी ढग झाले तर' असले प्रश्न तुम्ही मुलांकडून कसे करून घेता? शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा. गाईडांची नावं नकोत, ती दुकानात मिळतात.

शिक्षिका, मालवण तालुका
आमची शाळा द्विशिक्षकी. मुलं घरी मालवणी बोलतात आणि 'नीट मराठीत लिही' म्हटलं की गप्प बसतात. म्हणून मी आधी लिहायला देतच नाही. आधी सांगायचं, तेही मालवणीत.

एकदा रापण ओढत होते तेव्हा वर्ग किनाऱ्यावर नेला. होडीतून जाळं अर्धगोल टाकत येतात, मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूवरून ओढतात. निम्म्या पोरांच्या घरचेच तिथे होते. परत आल्यावर एवढंच विचारलं: दोर हाताला कसा लागला? ओढणारे काय ओरडत होते? जाळ्यात आधी काय दिसलं? 'खूप मज्जा आली' हे वाक्य त्या दिवशी बंद. एरवी वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, घारी आधी जमल्या, गिऱ्हाईकं नंतर. गोष्टीची सुरुवात आम्ही तिथूनच केली.

मग तेच फळ्यावर प्रमाण मराठीत, क्रियापदं सगळ्यांनी मिळून बदलायची. माणसांचं बोलणं मात्र अवतरणचिन्हांत मालवणीच ठेवते: "काय गावला रे?" "कायच नाय, नुसतो कचरो!" पेपरात हे चालतं का, असं पालक विचारतात. पात्राच्या तोंडी असेल तर मी गुण कापत नाही. निवेदन प्रमाण भाषेत हवं, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं असतं.

बाबा, नोकरी मुंबईत, घर श्रीवर्धनला
चाकरमान्याचा अभ्यास फोनवर. रात्री मुलाला एकच विचारतो, आज नेहमीपेक्षा वेगळं काय झालं? सुरुवातीला 'काय नाय'. आता म्हशीनं छत्री खाल्ल्याच्या बातम्या येतात (खरी की खोटी, मी विचारत नाही). फोन ठेवल्यावर ती बातमी त्यानं तीन ओळींत लिहायची. जास्त नको. बायको म्हणते अक्षर भयंकर आहे. असू दे.

निवृत्त मुख्याध्यापक, राजापूर
अक्षर 'असू दे' म्हणू नका. जे वाचताच येत नाही त्याला गुण कोण देणार? पाठांतराचाही एवढा राग नको. चार चांगले उतारे पाठ असले की मुलाची वाक्यं आपोआप सरळ होतात. मी पिढ्या तपासल्यात.

धागाकर्ती
सर, उतारे पाठ असू देत. पण 'माझा आवडता सण'वर आमच्याकडच्या सगळ्या मुलांनी दिवाळीच लिहिली, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत क्रमवार. शिमग्याला पालखीमागे घरोघर फिरणारी हीच पोरं. पालखी एकाच्याही वहीत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, राजापूर
मान्य. पालखी पाहिजे. पण 'पालखी'तली खी दीर्घ.

आई, मंडणगड तालुका
सरावाला 'मी कासव बोलतोय' आलं. वेळास आमच्या जवळच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी जपायचं काम सुरू केलं. लेकीनं पिल्लं समुद्रात जाताना डोळ्यांनी पाहिलेली. तरी वहीत काय? 'मला चार पाय आहेत. मी हळू चालतो.' आणि ससा!

मग आम्ही दोघींनी नुसती माहिती जमवली. आई रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात. दुसऱ्या खेपेला तिनं पहिलंच वाक्य लिहिलं: 'मला शंभर भावंडं आहेत, पण आई कशी दिसते ते माहीत नाही.' आत्मवृत्ताला कल्पनेच्या आधी माहिती लागते, असं माझं मत झालंय. 'मी पेन्सिल बोलतेय' सगळ्यांचं सारखं येतं ते म्हणूनच. पेन्सिलीबद्दल कोणाला काय माहीत असतं?

आजी, देवगड (नात टाइप करते आहे)
माझी शाळा चौथीपर्यंत. मी गजाली सांगते, मध्येच थांबते आणि पुढचं तू सांग म्हणते. नातू माझ्या भुतांना मोबाईल देतो. निबंधाचं मला कळत नाही.

शिक्षक, अलिबाग तालुका
परीक्षेच्या दिवसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लिहायच्या आधी मागच्या पानावर पेन्सिलीनं तीन गोष्टी: कोण, त्याची अडचण काय, सुटली कशी. शेवट ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू देत नाही. शब्द दिलेले असतील तर वापरलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ. 'होडी, दिवा, आजोबा, वादळ' यातला दिवा हटकून राहतो आणि गुण जातो. शीर्षकाची ओळ मोकळी सोडायची, नाव शेवटी द्यायचं. चित्र असेल तर 'चित्रात एक मुलगा आहे' अशी यादी नको. हे घडायच्या जरा आधी काय झालं असेल, तिथून सुरुवात.

धागाकर्ती
आणि वेळ संपत आली, गोष्ट अर्धीच, तर?

शिक्षक, अलिबाग तालुका
मधलं सोडून द्यायचं. शेवटची दोन वाक्यं आणि शीर्षक लिहून पेपर द्यायचा. याचा घरी सराव घ्या: गोष्ट रंगात आली की मुद्दाम 'पाचच मिनिटं राहिली' म्हणा. पहिल्या वेळी पोरं फार चिडतात.