मदत हवी आहे: कुत्र्याला गोचीड ताप, पैशांची ओढाताण

आमचा मोत्या, गावठी, सहा वर्षांचा. चार दिवस अन्नाला शिवला नाही, काल नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं: गोचीड ताप, प्लेटलेट २८ हजार. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या परवडतात, २८ दिवस देईन. पण रोजचं सलाईन आणि पुन्हापुन्हा तपासणी झेपत नाही. ह्यांचा पगार दोन महिने थकलाय.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात अलीकडे कुणी नेलंय का? केसपेपरला किती वाजता जावं, साधारण खर्च किती? डोंबिवलीहून १८ किलोचं हे धूड न्यायचं कसं, तेही सांगा. आणि भातात लपवलेली गोळी लबाड बरोबर बाजूला काढतो, त्यावर काय करता तुम्ही?