इंदुरात काय खाल्लंत, आणि मुख्य म्हणजे किती वाजता?

ओवा_अर्क
दोन वर्षांपूर्वी इंदूरला गेलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी घोडचूक केली. साडेसातला हॉटेलात पोटभर दाल-बाफले हाणले. बाफला म्हणजे बाटीचा भाऊ, फक्त आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि वर तुपात बुडवतात. दोन खाल्ले की माणूस आडवा. तशा अवस्थेत आम्ही दहाला सराफ्यात पोचलो. दिवसा सोन्याचांदीची पेढी असलेली गल्ली, रात्री शटरं खाली आली की त्याच दुकानांच्या पुढ्यात कढया चढतात. समोर भुट्ट्याचा कीस वाफाळतोय, बाजूला मालपुवे पाकात पोहतायत आणि नवरा खिशात ओव्याची पुडी शोधतोय! चमचाभर कीस मी खाल्ला, तोही डोळ्यांत पाणी आणून.

आता जानेवारीत परत जातोय. या वेळी सासूबाई पण आहेत (वय ७४, दात स्वतःचे, मतंही स्वतःची). तुमचे अनुभव लिहा. दुकानांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. काय खाल्लंत, कधी खाल्लंत आणि काय फसलं, ते सांगा.

खिडकीची_जागा
मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने सकाळी उतरलो आणि हॉटेलवर सामान टाकून थेट पोह्यांच्या गाडीवर. आईला इंदुरी पोह्यांचं भारी कुतूहल. तिथे गेल्यावर मात्र ती पातेल्यात वाकून बघत राहिली. खाली पाणी रटरटत असतं आणि वरच्या परातीत पोह्यांचा पिवळा डोंगर नुसत्या वाफेवर. म्हणून ते तासन्‌तास मऊ राहतात, कोरडे पडत नाहीत. फोडणीत बडीशेप असते, आणि साखर आपल्यापेक्षा सढळ. कागदावर मूठभर पोहे, त्यावर शेव, कांदा, लिंबू आणि चिमूटभर जीरावन. शेजारी गरम जलेबी.

आई म्हणाली, "ओलं खोबरं नाही?" नाही. तरी दुसरा कागद तिनेच मागितला. जलेबीचा तुकडा मोडून पोह्यांबरोबरच एका घासात खायचा, हे आम्हाला शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी दाखवलं. अकरा वाजता परत गेलो तर परात रिकामी व्हायला आली होती. पोहे खायचे तर नऊच्या आत.

रामबागची_नात
माझं माहेर इंदूरचं, चार पिढ्यांचं मराठी घर. होळकरांच्या पाठोपाठ आलेली कितीतरी कुटुंबं तिथलीच होऊन गेली, त्यातलंच एक. त्यामुळे आमच्या घरात पुरणपोळी आणि पोहे-जलेबी दोन्ही "आपलंच".

वर जीरावनचा उल्लेख आलाय, त्याला नुसता मसाला म्हणू नका हो! जिरं, धने, हिंग, सुंठ, आमचूर, काळं मीठ, मिरची... प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. आजी पेरूवर, काकडीवर, अगदी दहीभातावर पण भुरभुरायची. परत येताना शेव सगळेच आणतात, तुम्ही जीरावनची पुडी आणा.

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल आधीच सावध करते. सराफ्यातली खिचडी म्हणजे आपली तुपात परतलेली, कुटाची खिचडी नव्हे. मोकळा साबुदाणा वाफेवर गरम ठेवलेला असतो. तुम्ही मागितलीत की त्यात मिरची, कोथिंबीर, लिंबू, मसाला आणि मूठभर फराळी चिवडा टाकून तुमच्यासमोर कालवतात. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदेने "ही खिचडी नाही, भेळ आहे" असा निकाल दिला. बरोबर आहे तिचं. पण भेळ समजून खा, आवडेल.

दोन_घास
जोशींचा दहीवडा. सराफ्यात गेलात आणि तो पाहिला नाहीत तर काय केलंत! वडा आणि दही भरलेला द्रोण गडी हवेत उंच भिरकावतो, तो गरकन फिरून हातात येतो, थेंबही सांडत नाही. माझा मुलगा (वय ६) तोंड उघडं टाकून बघत होता. त्याहून खरी करामत पुढे आहे. पाच मसाले एकाच चिमटीत उचलून एकेक वेगवेगळा सोडतात, दह्यावर वेगवेगळ्या रंगांच्या रेघा. मी अगदी जवळ उभं राहून पाहिलं, तरी बोटं कशी सुटतात ते कळलं नाही. चव? चांगली आहे, गोडाकडे झुकणारी. पैसे निम्मे वड्याचे, निम्मे खेळाचे.

घरी मुलाने वाटीवर प्रयोग केला. छताला अजून डाग आहे.

नाखवा
छप्पन दुकान या खाऊगल्लीबद्दल कोणीच लिहिलं नाही? सराफा रात्रीचा, छप्पन दिवसाचं. आखीव रस्ता, बसायला बाकडी, कुठे कागद पडलेला दिसणार नाही. स्वच्छतेत इंदूर २०१७ ते २०२३ सलग देशात पहिलं आलं ते उगाच नाही. एका काकूंनी माझ्या हातातला चमचा कुठल्या डब्यात टाकायचा ते मला थांबवून सांगितलं.

जॉनीचा हॉट डॉग म्हणजे तव्यावर खरपूस भाजलेला पाव आणि आत बटाट्याची टिक्की. बेंजो मागितलात तर आत अंडं. साधं प्रकरण, पण दोन खाल्ले. विजय चाट हाउसचं खोपरा पॅटिस मात्र मला हसवून गेलं. बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण. मी रत्नागिरीचा! खोबरं खायला इतक्या लांब गेलो आणि वर दुसरी प्लेट घेतली.

शनिवारचा_शहाणा
शनिवारी रात्री सराफ्यात जाऊ नका. एवढंच. लहान मूल कडेवर, धक्काबुक्की, जलेब्याच्या कढईपासून हातभर अंतर. मंगळवारी गेलो तेव्हा तीच गल्ली स्वर्ग होती. आणि तो जंबो जलेबा एकट्याने घेऊ नका, एक नग पाव किलोच्या घरात जातो. आम्ही पाच जणांनी मिळून एक संपवला आणि शेवटचा तुकडा कोणी खायचा यावर चिठ्ठ्या टाकल्या. हरलेल्याने खाल्ला.

ठिगळ
जानेवारीत जाताय ना? मग गराडू. कोनफळाच्या जातीतला कंद, फक्त थंडीत मिळतो. चौकोनी तुकडे आधी तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात. बाहेरून कुरकुरीत, आतून मेणासारखा, वरून लिंबू आणि मसाला. रात्री अकरा वाजता, कानाला मफलर, हातात गरम द्रोण. त्या रात्री मी तीन द्रोण खाल्ले.

अतिउत्साहात बाजारातून दोन किलो कच्चा गराडू घेऊन नाशिकला आलो आणि हाताला तेल न लावता सोलायला बसलो. कोपरापर्यंत खाज! बायकोने चिंच चोळायला दिली आणि संध्याकाळभर हसली.

ओवा_अर्क
वा, भरभरून लिहिलंत! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न आहे: रात्री अकराला एवढं तळलेलं खाऊन झोपायचं कसं?

रामबागची_नात
त्यांना सांगा, संध्याकाळी जेवायचंच नाही. चारच्या सुमारास एक शिकंजी. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे हं, आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, सुकामेवा, चमच्याने खावी अशी. तेवढ्यावर साडेनऊपर्यंत निघतं. मग सराफ्यात आधी भुट्ट्याचा कीस, तो दुधात शिजलेला असतो, पोटाला हलका. दहीवडा दोघींत एक. गराडू शेवटी. आणि परतताना रिक्षा करू नका, राजवाड्याला एक चक्कर मारा पायी. आमची आजी ऐंशीव्या वर्षापर्यंत तेच करायची, फक्त चपला हातात घेऊन, कारण नव्या चपला तिला चावायच्या.

ओवा_अर्क
सासूबाई म्हणतात, दहीवडा दोघींत एक का? एकीला एक.