अनुभव धागा: फिरायला युरोपात गेलात आणि घरातल्या सैनिकाचा माग काढलात, असं कुणी आहे का?

कर्वेनगरची_माई
काल सर्वपित्री झाली. आमसुलाची चटणी वाटता वाटता आठवलं ते लिहूनच टाकते, तुमचंही सांगा.

बाबांचे थोरले काका मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले. घरी एवढंच माहीत. तार इंग्रजीत आलेली, गावात मास्तरांनी वाचून दाखवली, रडारडीत तारखेचं कुणाला भान. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान कायम सर्वपित्रीलाच. २०१९ ला आमचं रोम-फ्लॉरेन्स ठरलं तर बाबा म्हणाले मला ते मनोरे-बिनोरे नकोत, काकांचं बघू. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं, पण आमचं आडनाव शिंदे, म्हणजे आटोपलंच. शेवटी थोरल्या आजीच्या पेन्शनच्या कागदावर पलटणीतला नंबर होता त्यावरून लागलं. गावाचं स्पेलिंग असलं भन्नाट की पोरं खदाखदा हसली, मग खाली तारीख दिसली, ३० नोव्हेंबर १९४३, सांग्रो नदीची लढाई, आणि बाबा गप्प.

रोमहून पेस्कारा ट्रेनने, पुढे छोटी लोकल, मग टॅक्सी. गाव तोरिनो दि सांग्रो. (नवऱ्याने आधी हॉटेल वरच्या मोठ्या तोरिनोत, म्हणजे तुरिनला बुक केलेलं, असो.) टेकडी, ऑलिव्हची झाडं, खाली समुद्र. थडगं नाहीच, दहन झालेल्या आपल्या जवानांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत, पाचशेहून जास्त. बाबा एकेका ओळीवर बोट फिरवत गेले, अर्धा तास तरी, आणि नाव सापडल्यावर चपला काढल्या. फरशी तव्यासारखी तापलेली, तरी उभेच. मग खिशातून औषधाची डबी काढली, त्यात गावच्या शेतातली माती. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता.

खडकीकर_अण्णा
माई, डोळ्यात पाणी आणलंत. आमच्या खडकीच्या वॉर सिमेटरीत नेमकं उलटं बघितलंय. दहाएक वर्षांपूर्वी एक इंग्रज आज्जी रिक्षाने आल्या, मामाचं थडगं शोधत. गेटजवळच्या भिंतीत छोटं दार असतं, आत रजिस्टर, ते मीच काढून दिलं. जाताना माझ्याकडे दोन लवंगा मागितल्या, खोकला झालेला. बाकी काही बोलणं झालं नाही, माझं इंग्रजी म्हणजे.

पेठेतला_पंत
मातीची डबी कस्टममध्ये कुणी विचारली नाही? आमची तर मेतकुटाची पुडी उघडून हुंगली होती

माणगावचा_मी
इटली निघालं म्हणून. आमच्याकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४. त्यांचंही थडगं नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर. ज्या भागात पडले तिथल्या मोंतोने गावात २०२३ ला त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलंय. मी जाऊन आलो, फोटो काढायला एका आजोबांना मोबाइल दिला तर त्यांनी फक्त स्वतःचा अंगठा काढला. चार फोटो, चारही अंगठे.

सिंहगडरोड_सुमा
अंगठा 😂😂
माई शाकाहारी जेवणाचं काय केलंत, सासूबाई कांदा-लसूण पण खात नाहीत, मे मध्ये निघतोय

कर्वेनगरची_माई
सुमा, पिझ्झा मरिनारा मागू नकोस, त्यात लसूणच असतो, मार्गेरिता सांग. आणि दशम्या ने, दोन दिवस टिकतात.
पंत, कस्टमवाल्याने डबी हलवून बघितली, बाबा म्हणाले "मेडिसिन". खोटंही नाही म्हणा.

औंधची_वैदेही
आमचे पणजोबा पहिल्या युद्धातले, फ्रान्सला. नव शापेलचं स्मारक, गोल भिंत, भारतीयांची ४,७०० च्या वर नावं. आम्ही पॅरिसहून गाडी केली, पोरगा डिस्नेलँडसाठी रडत होता, नवरा टोलवर वैतागलेला, आणि नाव सापडलंच नाही. परत आल्यावर आत्या म्हणे अगं ते फ्रान्सला नाही, बसऱ्याला गेले! आधी सांगायचं ना. तर सगळ्यांना एकच विनंती, निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्यांना दोनदा विचारा आणि दोघांना वेगवेगळं विचारा.

पेठेतला_पंत
आत्या लोकांचं हे कायमचंच

खडकीकर_अण्णा
वैदेही, बसरा स्मारकाची नावंही त्याच साइटवर मिळतील, त्यासाठी इराकला जायला नको. मराठा पलटण असेल तर बेळगावच्या सेंटरलाही पत्र टाकून बघा, नंबर मात्र लागेलच.

सिंहगडरोड_सुमा
माई तारीख कळली मग आता तिथीला करता का?

कर्वेनगरची_माई
काढली ना तिथी, मार्गशीर्षातली निघाली. बाबांना विचारलं तर म्हणाले राहू दे, इतकी वर्षं सगळ्यांबरोबर जेवतायत, आता एकट्याचं वेगळं पान कशाला. फक्त ३० नोव्हेंबरला सकाळी ते काही न बोलता दाढी करतात आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. आई चहा देते.

माणगावचा_मी
🙏

सिंहगडरोड_सुमा
दशमीला पीठ दुधातच भिजवायचं ना? गूळ किती?