मदत हवी आहे : सेलूच्या मोंढ्यातली जुनी माडी

नमस्कार मंडळी. सेलूच्या (जि. परभणी) मोंढ्यात (म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेत) आमच्या शेजारी एक दुमजली माडी आहे. खाली अडत दुकान, वर सागवानी कठड्याची बैठक. चौकटीवर उर्दूत काहीतरी कोरलंय, त्यातलं ‘फसली १३३७’ एवढंच लागतं; फसली हा निजामी राज्यातला सन, म्हणजे साधारण १९२७-२८. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे त्याआधीच आलेली, तेव्हा ही माडी कापसाच्या पैशातूनच उभी राहिली असावी असा माझा अंदाज. आता पाडायची बोलणी चाललीत. (जागेला भाव आलाय, दुसरं काय!) निजामकाळातले गावठाणातल्या मालकीचे कागद कुठे मागायचे? १९५४-५५ चं खासरा पत्रक शेतजमिनीचं, ते इथं कामाचं नाही. उरलेल्या ओळी वाचून देणारं कुणी असेल तर फोटो पाठवतो, जरा लवकर सांगा.