शब्दचर्चा : नवीकरणीय, अपारंपरिक की अक्षय?

प्रश्न : ‘नवीकरणीय ऊर्जेचा वापर, व्यापारखुलेपणा आणि आर्थिक वाढ’ यांच्या परस्परसंबंधावरील लेखनात ‘नवीकरणीय’ऐवजी ‘अपारंपरिक’ हा रुळलेला शब्द का वापरू नये?

उत्तर : सौर आणि पवनऊर्जेपुरते बोलायचे असेल तर ‘अपारंपरिक’ला माझी हरकत नाही, येथे मात्र तो घेऊ नये. अशा अभ्यासांत जागतिक बँकेची जी आकडेवारी नेहमी वापरली जाते, ती एकूण ऊर्जावापरातील नवीकरणीय ऊर्जेचा वाटा मोजते आणि तीत चुलीत जाणारा लाकूडफाटा, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या हे सारे धरलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जळणावर भाकरी भाजली गेली, त्याला अपारंपरिक कसे म्हणावे? प्रश्न केवळ शब्दाचा नाही. घरात गॅसची शेगडी आली की हा वाटा घटतो, आणि बहुधा त्याच काळात उत्पन्न वाढत असते. त्यामुळे आकड्यांत हा वाटा आणि आर्थिक वाढ यांचा ऋण, म्हणजे उलटा, संबंध दिसला, तर सौर पॅनेलांमुळे वाढ खुंटते असा वाचकाचा समज होतो, प्रत्यक्षात मात्र चुली विझत असतात.

‘अक्षय’ हा शब्द मला मनापासून आवडतो आणि सूर्याला, वाऱ्याला तो शोभतोही. पण तोडलेले रान पुन्हा वाढू दिले नाही तर सरपण संपतेच. ‘नवीकरणीय’ म्हणजे पुन्हा नवे होऊ शकणारे, आणि त्यात सरपण व कोयनेचे पाणी दोन्ही बसतात. (२५ मेगावॉटवरील जलविद्युत प्रकल्पांना आपल्या सरकारी वर्गवारीत हे विशेषण मिळाले ते मात्र २०१९ मध्ये.)

‘व्यापारखुलेपणा’च्या जागी ‘मुक्त व्यापार’ लिहू नये. मुक्त व्यापार हे धोरण आहे, तर खुलेपणा हे माप : आयात आणि निर्यात यांची बेरीज भागिले जीडीपी. खनिज तेल महागले की आयातीची रक्कम फुगते आणि धोरण तसूभरही न बदलता हे माप वाढू शकते. उलट १ एप्रिल २०२२ पासून सौर मॉड्यूलच्या (पॅनेलांच्या) आयातीवर ४० टक्के सीमाशुल्क लागले, हा धोरणातला बदल होता.

‘वाढ’ किंवा ‘वृद्धी’ काहीही चालेल, ‘विकास’ नको, कारण येथे मोजले जाते ते केवळ उत्पादन. ‘नवीकरणीय ऊर्जेचा वापर’ हे पहिले पद मी ‘ऊर्जावापरातील नवीकरणीय वाटा (सरपणासह)’ असे लिहीन.