कझिन, पण कुणाकडचा?

एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या तरुणाची ओळख मी "हा माझा कझिन" अशी करून दिली, तेव्हा समोरच्या आजींनी हातातला घास तसाच ठेवून विचारले, "कुणाकडचा?" तो माझ्या मावशीचा मुलगा. मावसभाऊ हा शब्द मला येत नव्हता असे नाही, पण तो ओठांवर आला नाही. चुलत, आते, मामे आणि मावस या चारांना भाऊ आणि बहीण जोडले की मराठीत आठ नाती होतात. इंग्रजीत या आठांना एकच शब्द आहे, आणि त्यातून बाई की पुरुष हेही उमगत नाही, म्हणूनच बहुधा आपण 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर' ही खास देशी जोडणी केली. गंमत अशी की ज्या लॅटिन 'कॉन्सोब्रिनुस'पासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, त्याचा मूळ अर्थ आईच्या बहिणीचे मूल असाच होता. म्हणजे त्या पंगतीत मी नकळत अगदी अचूक बोललो होतो! हा शब्द आपल्या घरात कुठे सोयीचा ठरला आणि कुठे अडला, ते आपापल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती. कोणता शब्द योग्य याचा निवाडा नको, घडलेले सांगावे.

नगर जिल्हा, शिक्षक

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. "माझ्या कझिनकडे ते आहे, त्याची प्रत जोडली की काम होईल," असे ती वर्षभर सांगत होती आणि मीही कामाच्या गडबडीत तो कझिन कोण हे विचारले नाही. अर्ज भरायला बसलो तेव्हा तो तिचा मामेभाऊ निघाला. पडताळणीत वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे पुरावे पाहतात, आणि शपथपत्रात जी वंशावळ लिहून द्यावी लागते तिच्यात मामाचे घर येतच नाही. मग गावी जाऊन चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधणे, त्यांच्या नातवाकडून त्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागणे, यात तीन आठवडे गेले. त्या नातवाशी मुलीची ओळखही नव्हती. आता ती त्याला चुलतभाऊ म्हणते, आणि मामेभावाला मात्र अजूनही कझिन.

सातारा जिल्हा, सध्या मुंबई

माझ्या आईला तिच्या आत्याच्या घरी दिली. आमच्याकडे हे वाक्य इतके साधे आहे की त्यावर कुणी मान वर करून पाहात नाही. कार्यालयातल्या एका सहलीत नात्यांचा विषय निघाला आणि मी इंग्रजीत सांगून बसले की माझे आईवडील एकमेकांचे कझिन आहेत. टेबलावर जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. एका मुलीने तर हळूच विचारले की हे कायदेशीर आहे का. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावाबहिणीच्या मुलांमधला विवाह निषिद्ध नात्यांत धरला आहे हे खरे, पण दोघांच्याही रूढीत तो मान्य असेल तर त्याला मुभाही त्याच कायद्यात आहे. हे सगळे मी समजावून सांगितले, पण तोवर उशीर झाला होता. त्यांना सांगता न आलेली गोष्ट ही की आमच्या घरी मामाची मुलगी सून म्हणून चालते, मात्र चुलतबहीण किंवा मावसबहीण ही सख्ख्या बहिणीसारखीच, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. एकाच शब्दात ही दोन्ही नाती कोंबल्यावर माझी आई त्यांच्या नजरेत काय झाली, ते लिहवत नाही.

नाशिक, गृहिणी

मी थोडी उलट बाजू मांडते. एकत्र कुटुंबात वाढताना आम्हा अकरा भावंडांत 'चुलत' हा शब्द उच्चारणे ही जवळजवळ शिवी होती. पाहुण्याने विचारले तरी "भाऊच आहे" एवढेच उत्तर द्यायचे, असे आजीने बजावले होते. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या, सातबारावर वेगळी नावे लागली, बोलणे बंद झाले, आणि तेव्हापासून सगळे एकमेकांना स्पष्टपणे चुलतभाऊ म्हणू लागले. आमच्या मुलांना ही भाऊबंदकी ठाऊक नाही. ती एकमेकांना कझिन म्हणतात आणि सुटीत एकत्र ट्रेकला जातात. मी तो शब्द दुरुस्त करायला जात नाही.

पुणे, माजी वसतिगृहवासी

आमच्या मुलींच्या वसतिगृहात भेटायला येणारा प्रत्येक तरुण नोंदवहीत 'कझिन' असे. रेक्टरबाई मात्र वस्ताद होत्या. त्या मुलीला आत आणि मुलाला बाहेर उभे करून दोघांना वेगवेगळे विचारत, "मामे की मावस?"

न्यू जर्सी

मुलीला शाळेत घराण्याचा वृक्ष काढायला सांगितला होता. माझ्या आतेभावाला ती जन्मापासून काका म्हणते. शिक्षिकेने त्या चौकटीत 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ड' असे लिहायला लावले. मुलगी घरी येऊन रडवेल्या आवाजात विचारू लागली, "काकाला कुणी काढलं?" पिढीतले अंतर दाखवणारा तो शब्द आहे हे तिला समजले, पण काकाला फोनवर ते सांगायची तिने मला सक्त मनाई केली आहे.

ठाणे, खासगी नोकरी

दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ गेला. वयाने माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा, पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला. आमच्या घरी रिवाजाप्रमाणे दहा दिवसांचे सुतक होते, देवपूजा शेजारच्यांकडून होत होती. कार्यालयात दुखवट्याच्या रजेसाठी जी नात्यांची यादी होती तिच्यात आईवडील, जोडीदार, मुले, भाऊ, बहीण इतकेच होते. मी अर्जात 'ब्रदर' असे लिहिले आणि खोटे लिहितो आहे असे मला क्षणभरही वाटले नाही, कारण आमच्या घरात त्याला दुसरे काही म्हणतच नसत. मृत्यूचा दाखला जोडल्यावर वडिलांच्या नावातला फरक दिसला आणि मला बोलावणे आले. समोरची मुलगी मराठीच होती, वागणे अतिशय सौजन्याचे. तिने विचारले, "म्हणजे कझिन ना, सर?" मी हो म्हणालो. तिने अर्जातला तो शब्द खोडला, त्यावर माझी सही घेतली, आणि ते दिवस माझ्या हक्काच्या रजेतून वळते झाले.