बाळंत मांजरी, तिची तीन पिल्ले आणि घरातला जुना बोका : ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न (फोंडा)

आमचे घर जुने, कौलारू आहे आणि मागच्या पडवीत नारळाची सोडणे व जळाऊ लाकडे रचलेली असतात. जूनमध्ये पाऊस कोसळत असताना एका कबऱ्या भटक्या मांजरीने त्या लाकडांच्या आडोशाला तीन पिल्लांना जन्म दिला. पडवीत पाणी शिरू लागल्यावर आम्ही त्या चौघांना खोक्यात घालून न्हाणीघराशेजारच्या रिकाम्या खोलीत आणले. पिल्ले आता साधारण ३ आठवड्यांची असून लटपटत चालू लागली आहेत.

घरात पाच वर्षांचा तांबू हा आमचा बोका आहे. त्याची नसबंदी झालेली आहे. तो दिवसातून दहा वेळा त्या दाराखालच्या फटीशी नाक लावून बसतो आणि आतून जरा आवाज आला की शेपटी फुगवून गुरगुरतो. कबरीला भरवून मी बाहेर आले तेव्हा माझ्या हाताचा वास घेऊन तो माझ्यावरच फिस्कारला, हे मला फार लागले. आत कबरीही त्याची चाहूल लागताच पिल्लांना पोटाखाली घेऊन खोल घशातून गुरगुरते. कबरी आणि एक पिल्लू आम्ही कायमचे ठेवणार आहोत. बोका पिल्लांना मारतो, असे सासूबाई सांगतात, ते खरे आहे का? यांची भेट केव्हा आणि कशी घडवावी?

उत्तर १ (डिचोली)

ताई, दार बंद ठेवावे लागते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आज तांबूचे आणि त्या चौघांचे रक्षण तेच दार करीत आहे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, त्यामागचे कारण भीती हेच असते. बोक्याचा त्रास वाटला तर कबरी संधी मिळताच पिल्ले उचलून भर पावसात बाहेर नेईल. म्हणून पिल्ले अंगावर पीत आहेत तोवर, म्हणजे सुमारे ८ आठवड्यांची होईपर्यंत, समोरासमोर भेट घडवू नका.

सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. नसबंदी न झालेला परका बोका कधी कधी पिल्लांना मारतो. तांबूसारख्या बोक्यात ती वृत्ती बरीच कमी असते, तरी तुरुतुरु पळणाऱ्या इवल्याशा जिवावर तो शिकार समजून झडप घालू शकतो. पिल्ले ३-४ महिन्यांची होईपर्यंत त्यांना त्याच्यासोबत एकटे सोडू नये.

मधल्या ५ आठवड्यांत वासाची ओळख करून द्यावी, कारण मांजरांची खरी ओळख नाकाने होते. जुन्या सुती साडीचा तुकडा कबरीच्या गालांवरून हळूच फिरवून तांबूच्या ताटलीजवळ ठेवावा, आणि दुसरा तुकडा तांबूच्या गालांवरून फिरवून आत ठेवावा. गालांत गंधग्रंथी असतात आणि तो वास मांजरांना आपलेपणाचा वाटतो. आमच्या बोक्याने पहिल्या दिवशी त्या तुकड्याकडे पाहून कान मागे पाडले होते, चौथ्या दिवशी तो त्यावर बसून उकडलेला बांगडा खात होता. पुढे दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्यावे. ताटल्या आधी दूर ठेवाव्यात आणि दोघेही निवांत खाऊ लागली की रोज वीतभर जवळ आणाव्यात. मग जाळीतून दर्शन, आणि त्यानंतर पिल्लांना आत ठेवून एकट्या कबरीची ५-१० मिनिटांची भेट. पिल्ले शेवटी.

उत्तर २ (मडगाव)

वरील क्रमाशी मी पूर्णपणे सहमत नाही, पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट सांगते : भेटीच्या आधी आजाराचा विचार करा. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक मांजरी पिल्लांसह घरात घेतली आणि ती गरीब स्वभावाची दिसली म्हणून दोनच दिवसांत सगळ्यांना एकत्र सोडले. आठवड्याभरात दोन पिल्ले गेली आणि लस चुकलेली आमची जुनी मांजरी सलाईनवर कशीबशी वाचली. तो पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूचा आजार होता. त्याचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, आणि फिनेलवर विसंबू नका, कारण फिनेल मांजरांना विषारी असते. १ भाग साधे ब्लीच व ३२ भाग पाणी या प्रमाणात फरशी पुसावी, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कोरडी झाल्यावरच मांजरांना तिथे येऊ द्यावे.

तांबूची लस राहिली असेल तर ती या आठवड्यातच द्या. पिल्लांना पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, आणि पुढे १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यावी लागते. जंतांचे औषध आईला व पिल्लांना वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्यावे आणि कबरीची ल्युकेमिया व एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांसाठी रक्ततपासणी करून घ्यावी. पिसवांसाठी कुत्र्यांचे पर्मेथ्रिनयुक्त औषध चुकूनही वापरू नका. ते मांजरांच्या जिवावर बेतते. आपल्याकडच्या दमट हवेत गजकर्णही पटकन पसरते, तेव्हा अंथरूण दररोज कोरडे बदलावे.

आता क्रमाविषयी. बहुतेक जुनी मांजरे पोरवयाच्या पिल्लाला मोठ्या मांजरीपेक्षा लवकर स्वीकारतात. म्हणून दूध तुटल्यावर कबरीला दूरच्या खोलीत ठेवून आधी एकेक पिल्लू तांबूला दाखवावे, असे माझे मत आहे. मात्र पिल्लू ओरडले आणि आईने ते ऐकले तर ती दार फोडू पाहील, त्यामुळे घरात दोन माणसे असतील तेव्हाच हे करावे.

उत्तर ३ (पेडणे)

कबरीच्या नसबंदीचा मुद्दा राहून गेला. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, म्हणून तिला तूर्त बाहेर सोडू नका; दूध आटल्यावर शस्त्रक्रिया करून घ्या. घाणीसाठी मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त असावी, आणि ती जेवणापासून दूर. पिल्लांना गाईचे दूध मात्र देऊ नका, त्यांना जुलाब होतात.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. तांबूची लस गेल्या वर्षीच चुकली होती, त्यामुळे आज सकाळीच त्याला घेऊन गेलो आणि खोलीतले फिनेलही बंद केले. कबरी आधी की पिल्लू आधी, हे तिचे दूध तुटल्यावर तिचा स्वभाव पाहून ठरवीन. साडीचा तुकडा तांबूच्या ताटलीपासून दोन हातांवर ठेवला आहे. त्याने तो बराच वेळ हुंगला, एकदाच फिस्कारला आणि मग पाठ फिरवून तारले खाल्ले.